चार विसा आणि सात

मेळघाटातल्या धारणीत संध्याकाळी मोकळ्या जागेवर पोरांचा क्रिकेटचा डाव रंगतो, तेव्हा रस्त्याने जाणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो : स्कोअर किती झाला? शब्द इंग्रजी आहे हे विचारणाराही जाणतो आणि सांगणाराही. मात्र या शब्दाचा एक जुना अर्थ ‘वीस’ असा आहे, आणि त्याहूनही जुना अर्थ ‘खाच’ असा आहे, हे दोघांपैकी कुणाच्याही मनात नसते.

योगायोग असा की, ज्या गावात हा प्रश्न विचारला जातो त्याच गावाच्या मातीत विसाविसांनी मोजणारी एक भाषा शतकानुशतके नांदते आहे. ती भाषा म्हणजे कोरकू. इंग्रजीने आपला ‘वीस’ जुन्या पोथ्यांत आणि भाषणांत जपून ठेवला व त्याला प्रतिष्ठा दिली. कोरकूच्या ‘वीस’कडे मात्र अडाणीपणाची खूण म्हणून पाहिले गेले. एकाच रीतीच्या मोजणीला अशी दोन नशिबे का लाभली, त्याची ही हकिकत.

प्रारंभ इंग्रजीपासून करू. ‘स्कोअर’ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘स्कोर’ म्हणजे लाकडावर पाडलेली खाच, किंवा खडकातली चीर. त्यांनी इंग्लंडचा पूर्व आणि उत्तर भाग व्यापला, तिथे वस्ती केली, आणि त्यांच्या बोलीतले रोजच्या वापरातले कितीतरी शब्द इंग्रजीत मुरले. त्यांतलाच हा एक. ‘कापणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो आला, त्याच धातूकुळात संस्कृतातले ‘कृन्तति’ आणि ‘कर्तन’ मोडतात. मराठीतली कात्री त्याच घरातली. म्हणजे शिंप्याची कात्री आणि क्रिकेटचा स्कोअर हे एकमेकांचे फार दूरचे भाऊबंद ठरतात.

खाचेचा ‘वीस’ कसा झाला? याचे सर्वमान्य स्पष्टीकरण साधे आहे. मेंढरे वाड्यात शिरताना किंवा बाहेर पडताना तोंडाने मोजायची. हातापायांची बोटे संपली की वीस झाले. मग काठीवर चाकूने एक खाच पाडायची आणि पुन्हा एकापासून सुरुवात करायची. संध्याकाळी काठीवर सात खाचा आणि तोंडी पाच असतील, तर कळपात १४५ मेंढरे. मोजणाऱ्याला वीसच्या पुढचा एकही आकडा ठाऊक असण्याची गरज नाही. उरलेले गणित काठी करते. हळूहळू खाचेचे नावच तिने दर्शविलेल्या संख्येला चिकटले.

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात मेंढपाळांची एक निराळीच मोजणी एकोणिसाव्या शतकात नोंदली गेली. ‘यान, टान, टेथरा’ अशी तिची सुरुवात होते. हे शब्द नेहमीच्या इंग्रजीतले नाहीत. वेल्श भाषेच्या कुळाशी त्यांचे नाते दिसते, आणि ते किती जुने आहे यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की ही मोजणी विसापाशी थांबते. वीस झाले की मेंढपाळ खडा टाकतो किंवा खाच पाडतो, आणि पुन्हा ‘यान’.

आपल्याकडचे धनगर काय करतात? मेंढरे ‘खंडी’ने मोजतात. खंडी म्हणजे वीस. पाच खंड्या मेंढरे म्हणजे शंभर. दोन्हीकडच्या मेंढपाळांची गाठ कधी पडली नाही, पण मेंढरू दोन्हीकडे मेंढरूच आणि मोजणाऱ्याची बोटे दोन्हीकडे वीसच.

ही खाचांची काठी केवळ गवळी-मेंढपाळांपुरती राहिली नाही. इंग्लंडच्या राजाचा खजिनाही तिच्यावरच चालत असे. बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने खजिन्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहिला. कोणत्या रकमेसाठी केवढी खाच पाडायची याचे मोजमाप त्यात दिले आहे. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, वीस पौंडांसाठी करंगळीएवढी, आणि एका पौंडासाठी टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीसाठी तर लाकूड काढायचेच नाही, नुसता चिरा द्यायचा. हजार, शंभर आणि एक या पायऱ्यांच्या मधोमध विसाला स्वतःची स्वतंत्र खाच आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. दहाला ती नाही.

खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरली जाई. खाचांचे अर्धे अर्धे भाग दोन्ही फाकांवर उरत. लांब फाक पैसे भरणाऱ्याला पावती म्हणून मिळे, आखूड फाक खजिन्यात राही. हिशेबाच्या वेळी दोन्ही फाका एकमेकींना जुळवायच्या. एकाने लबाडीने जास्तीची खाच पाडली तर दुसरीवर ती नसणार, आणि लाकडाच्या रेषांची तर नक्कल करताच येत नाही. लांब फाकेला ‘स्टॉक’ म्हणत. शेअरबाजारातल्या ‘स्टॉक’ या शब्दाच्या आर्थिक अर्थाचा एक धागा या काठीपर्यंत जातो.

या काठ्यांचा शेवटही नोंदण्यासारखा झाला. खजिन्याने १८२६ पर्यंत त्या वापरल्या. पुढे त्यांचा निरुपयोगी साठा पडून होता. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या लंडनच्या पार्लमेंटगृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला दिल्या गेल्या. धुरांडी अति तापली, आणि त्या रात्री जवळजवळ सगळे पार्लमेंट जळून गेले. गरिबांना सरपणासाठी दिल्या असत्या तर हे टळले असते, अशा आशयाची टीका चार्ल्स डिकन्सने १८५५ च्या एका भाषणात केली होती.

चिरलेल्या काठीचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. तिच्यात कर्जदाराच्या हातातही पुरावा असतो. त्याला अक्षर येत नसले तरी चालते. बोटाने खाचा चाचपून आपले देणे किती हे तो अंधारातही सांगू शकतो. इंग्रजीत ‘स्कोअर’चा तिसरा अर्थ ‘उधारी’ असा झाला तो याच वाटेने. मद्यगृहाचा मालक गिऱ्हाइकाचे पेले काठीवर खाचांनी किंवा पाटीवर खडूच्या रेघांनी मांडी, आणि देणे फेडणे म्हणजे ‘स्कोअर’ चुकता करणे. पुढे त्याला सूड उगवण्याचाही अर्थ आला. मराठीतही ‘जुना हिशेब चुकता केला’ असे म्हणताना पैशाचा हिशेब क्वचितच अभिप्रेत असतो.

महाराष्ट्रात मात्र कर्जदाराच्या हातात अर्धी काठी नव्हती. सावकाराची वही सावकाराकडेच. तिच्यात काय लिहिले आहे ते वाचता न येणाऱ्याने खाली अंगठा उठवायचा. रतिबाच्या दुधाच्या रेघा घरधनीण भिंतीवर ओढी, तेवढाच काय तो तिचा स्वतःचा दस्तऐवज. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि तो उठाव पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत पसरला. त्या जमावांना माणसांपेक्षा कागद हवे होते. खते, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. लंडनच्या काठ्या निष्काळजीपणाने जळाल्या, सुप्याचे कागद जाणूनबुजून. हिशेबाचे साधन कुणाच्या मुठीत आहे, यावर मोजणी न्यायाची की अन्यायाची हे किती अवलंबून असते, ते या दोन आगी शेजारी ठेवल्या की दिसते.

क्रिकेटकडे वळू. अठराव्या शतकात धावा लिहीत नसत, काठीवर कोरत. एक धाव म्हणजे एक खाच, आणि धावेला नावही ‘खाच’ असेच होते. मोजणी सोपी व्हावी म्हणून दर दहावी खाच जरा खोल. काठी जाऊन वही आली, वही जाऊन फलक आला, फलक जाऊन मोबाइलचा पडदा आला, तरी नाव मात्र चाकूच्या खुणेचेच राहिले. संगीतातही हाच शब्द गेला. निरनिराळ्या वाद्यांच्या स्वरलेखनाच्या ओळी एका उभ्या रेघेने जोडल्या जात, म्हणून त्या संपूर्ण लेखनाला ‘स्कोअर’ म्हणू लागले. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला आज तेच नाव आहे. संगणकावर शब्दांच्या मधे खाली जी आडवी रेघ टाकतात, तिच्या नावातही तो दडलेला आहे.

एवढ्या अर्थांच्या गर्दीत ‘वीस’ हा अर्थ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला. पण मागे पडता पडता त्याला एक भारदस्तपणा आला. १६११ साली इंग्लंडच्या राजाज्ञेने बायबलचे जे भाषांतर प्रसिद्ध झाले, त्यात माणसाच्या आयुष्याची मर्यादा ‘तीन विसा आणि दहा’ अशा शब्दांत आली. गंमत अशी की मूळ हिब्रूत तिथे ‘सत्तर’ एवढा सरळ शब्द आहे. भाषांतरकारांना ‘सत्तर’साठीचा इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता असे नव्हे. प्रार्थनेच्या गांभीर्याला विसांची मोजणी शोभते, असे त्यांच्या कानाला वाटले असावे.

याच पठडीत अडीचशे वर्षांनी अब्राहम लिंकन बोलला. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्याने केलेले भाषण जगातल्या सर्वांत प्रसिद्ध भाषणांपैकी एक आहे, आणि त्याचा पहिलाच शब्दबंध संख्येचा आहे. अमेरिकेचे स्वातंत्र्य १७७६ चे. मधे ८७ वर्षे गेली होती. लिंकनने सत्त्याऐंशी म्हटले नाही. ‘चार विसा आणि सात’ म्हटले. त्या काळीही हा प्रयोग जुनाट झालेला होता, आणि बायबलचा ध्वनी कानात गुंजावा म्हणूनच तो निवडलेला होता.

लिंकनच्या त्या युद्धाचा वऱ्हाडशी फार जवळचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारांत कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. आणि हा कापूस मुंबईत कोणत्या मापाने विकला जाई? ‘खंडी’ने. वीस मणांची एक खंडी. म्हणजे लिंकन विसांनी वर्षे मोजत होता, त्याच सुमारास त्याच युद्धापायी वऱ्हाडचे पांढरे सोने विसांच्याच एका मापाच्या नावाने बोटीवर चढत होते.

‘नावाने’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. मुंबईचा मण २८ पौंडांचा धरला की वीस मणांची खंडी ५६० पौंडांची व्हायला हवी. इतर मालाची ती तेवढीच होती. कापसाची मात्र ७८४ पौंडांची ठरली. भागून पाहिले तर ती २८ मणांची होते. खंडीतला ‘वीस’ गळून पडला आणि नाव तेवढे उरले. आजही मुंबईच्या रुईबाजारात भाव खंडीवर सांगितले जातात, आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. ३५६ हा एवढा ओबडधोबड आकडा कुठून आला याचे उत्तर या ७८४ पौंडांत आहे. शेतकरी कपाशी क्विंटलने विकतो, सरकी काढलेली रुई खंडीने विकली जाते. एकाच पिकाच्या वाटेवर दहाची आणि विसाची अशी दोन राज्ये लागतात.

मराठीत विसांची ही जुनी वस्ती हवी तिथे सापडते. ‘कोडी’ म्हणजे वीस नगांचा गठ्ठा. बंगालीत तर ‘कुडि’ हाच वीसचा रोजचा शब्द आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी विसाच्या गठ्ठ्यासाठी ‘कोर्जा’ हा शब्द इथूनच उचलला, आणि त्यांच्याकडून तो इंग्रज वखारवाल्यांच्या कापडाच्या हिशेबांत शिरला. फ्रेंच पंडित झां प्रझिलुस्की याने बंगालीतल्या या मोजणीमागे आर्येतर भाषांचा थर असल्याचे मांडले. तो लेख प्रबोधचंद्र बागची यांनी १९२९ साली कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे.

जमिनीचे जुने माप पाहिले तर तेही असेच. पाच हात पाच मुठींची एक काठी. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. १२० म्हणजे सहा विसा. इंग्लंडातही मासे आणि तत्सम माल मोजताना ‘शंभर’ म्हणजे पुष्कळदा १२० धरत, त्याला ‘लांब शेकडा’ म्हणत. बिघा गेला, एकर आला, तरी एकरात गुंठे चाळीस. दोन विसा. खेड्यातली जुनी माणसे ‘तीन विसा’ म्हणत तेव्हा त्यांना साठ हा शब्द येत नव्हता अशी आपण समजूत करून घेतो. येत असणार. पण विसाविसांचे ढीग डोळ्यांपुढे मांडता येतात, साठाचा एक ढीग डोळ्याला मोजता येत नाही.

आता सपाटीवरून गाविलगडचे डोंगर चढून पलीकडे, सिपना आणि तापीच्या खोऱ्यात, धारणीला परत यायचे.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. या कुळाच्या बाकीच्या मोठ्या भाषा, म्हणजे संथाळी, मुंडारी, हो, सगळ्या पूर्वेला झारखंड, ओडिशा, बंगालकडे. तिथून शेकडो मैल पश्चिमेला, सातपुड्याच्या रांगेत, कोरकू एकटी आहे. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातले बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर हे जिल्हे, एवढा तिचा मुख्य मुलूख. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे, एवढाच त्या नावाचा अर्थ. या भाषेत दोघांसाठी वेगळे द्विवचनही आहे, जे मराठीने केव्हाच गमावले.

तिची मोजणी अशी : मिया, बारी, आफै, उफुन, मोनोय, तुरुय, एय, इलार, आरेय, गेल. खोऱ्याखोऱ्यांत उच्चार थोडे बदलतात. गेल म्हणजे दहा. अकरापासून गेलला एकेक जोडत जायचे. आणि वीसला ‘इसा’. तीस म्हणजे इसा आणि गेल. चाळीस म्हणजे दोन इसा, साठ म्हणजे तीन इसा, ऐंशी म्हणजे चार इसा. हिशेब सरळ आहे. सत्त्याऐंशी? उफुन म्हणजे चार, एय म्हणजे सात. चार इसा आणि सात. गेटिसबर्गच्या भाषणाचा आरंभ कोरकूत कुणी सांगू पाहील तर त्याला काहीही वळवावे लागणार नाही. मराठीत मात्र ‘सत्त्याऐंशी’ म्हटले की लिंकनच्या शब्दांतली ती जुनी घडण नाहीशी होते.

‘इसा’ हा शब्द ऐकताच वऱ्हाडी कान टवकारतो. वऱ्हाडीत ‘वि’चा ‘इ’ होतो. विस्तवाचा इस्तो, विचाराचा इचार, आणि विसाचा ईस. मग कोरकूने हा शब्द शेजारच्या आर्य भाषांतून घेतला काय? तसा विचार मांडला गेला आहे. पण शेकडो मैल दूर मुंडारीत ‘हिसि’ आणि संथाळीत ‘इसि’ आहे, तेव्हा घेतला असला तरी तो वऱ्हाडात आल्यावर घेतला असे सहजासहजी म्हणता येत नाही. शिवाय शब्द आणि रीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संस्कृतातला ‘विंशति’ मुळातच ‘दोन दशके’ या अर्थाचा आहे. संस्कृतापासून आलेल्या मराठीच्या आकड्यांत पन्नासाला ‘दोन वीस दहा’ अशी घडण कुठेच नाही. शब्द कुठूनही आलेला असो, विसांचे मजले चढवण्याची रीत कोरकूची आणि तिच्या बहिणींची स्वतःची आहे.

जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला, तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला, आणि त्यात कोरकूचे विवेचन आहे. पुढे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड याने मुंडा भाषांच्या आकड्यांवरच एक पुस्तक लिहिले, ते १९७८ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रकाशित केले. एका भाषाकुळाच्या नुसत्या मोजणीवर सबंध पुस्तक होऊ शकते, यावरून तिच्यात किती वैविध्य आहे ते कळते. या कुळातली सोरा भाषा तर आधी बारापर्यंत जाते, मग बारा आणि एक, बारा आणि दोन करीत विसाला पोचते.

विसाचे हे वेड फक्त डोंगरदऱ्यांतले आहे काय? फ्रेंच माणूस ऐंशीला आजही ‘चार विसा’ म्हणतो. पॅरिसमध्ये राजा नवव्या लुईने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी जे रुग्णालय स्थापन केले, त्याचे नाव ‘पंधरा विसा’ असे पडले आणि ते रुग्णालय त्याच नावाने आजही चालू आहे. डॅनिश भाषेत साठ म्हणजे ‘तीन विसा’चे संक्षिप्त रूप. बास्क आणि जॉर्जियन भाषांतही हीच रीत. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांच्या जुन्या मोजणीत वीस म्हणजे ‘माणूस पुरा झाला’, कारण हातापायांची सगळी बोटे संपली. ग्वातेमालातल्या किचे माया भाषेत वीसच्या शब्दात ‘विनाक’ म्हणजे माणूस हाच शब्द आहे. ज्या माया लोकांनी विसांच्या पायावर शून्यासह स्थानमूल्याची पद्धत रचली आणि तीत पंचांगे मांडली, त्यांना अडाणी म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही.

कोरकूच्या वाट्याला तसा आदर आला नाही. बाजारात हिंदी चालते, कचेरीत मराठी चालते, आणि नोटेवरचा आकडा दहाच्या पटीतला. दहाच्या पुढे गेले की आज अनेक कोरकू भाषक सरळ हिंदी किंवा मराठी आकडे घेतात. ‘गेल’पर्यंतची मोजणी घरात टिकते, इसाचे मजले मात्र वरून ढासळत येतात. वाघासाठी, सागासाठी मेळघाटात कितीतरी मोजण्या झाल्या. या मोजणीच्या मोडण्याकडे तितके लक्ष गेले नाही.

तेंदूपानांचे पाहा. महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुड्यात ७० पाने बांधतात, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात ५०. सत्तर म्हणजे तीन इसा आणि गेल, पन्नास म्हणजे दोन इसा आणि गेल. पाने रचणाऱ्या हातांना विसाचे दोन-तीन चवड आणि वर अर्धा, हा हिशेब फार सोयीचा. बायबलच्या भाषांतरकारांनी माणसाच्या आयुष्याला जो आकडा ज्या शब्दांत दिला, तोच आकडा त्याच घडणीत पानांच्या एका पुड्याला लागू पडतो. मजुरी मात्र शंभर पुड्यांवर ठरते, आणि तिथे पुन्हा दुसऱ्याची मोजणी सुरू होते.

शाळेत हा पेच अधिक टोकदार होतो. मराठीचे एक ते शंभर आकडे म्हणजे पाठांतराचा डोंगर. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. ‘एकोणसत्तर’मध्ये नऊही नाही आणि साठही नाही. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी ही परकी भाषेतली परकी घडण. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’, ‘बासष्ट’ बरोबर ‘साठ दोन’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. गणित अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागची कारणे पुनःपुन्हा समजावून सांगितली : मुलांना जोडाक्षरे जड जातात, आणि संख्या जशी लिहिली जाते तशी ती वाचता यावी. विनोद झाले, विधिमंडळात विषय निघाला, मराठी भाषा बुडाली अशी हाकाटी झाली.

त्या वादात शहरे बोलली, वर्तमानपत्रे बोलली. मोठा आकडा आधी आणि सुटे नंतर, ही जी घडण ‘नवी’ आणि ‘इंग्रजी वळणाची’ म्हणून हिणवली गेली, ती त्याच राज्याच्या उत्तर सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती, हे मात्र त्या गदारोळात कुठे ऐकू आले नाही. इसा आणि मिया : वीस एक. इसा आणि बारी : वीस दोन. धारणीच्या शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलाला ‘वीस एक’ ऐकून हसू येण्याचे कारण नव्हते. त्याची आजी तसेच मोजत आली होती.